कुंपण घालून देणारा पाहिजे!

दोन-तीन वर्षांपूर्वी माझ्यासाठी एक स्थळ आलं होतं. आईने त्या मुलाची सहा ठिकाणांहून चौकशी केली. पगार किती, फ्लॅटचं लोन किती शिल्लक, आधीच्या कंपनीतून का सोडलं, अगदी दहावीला कुठल्या क्लासला होता इथपर्यंत! (ते स्थळ जमलं नाही. क्लासचा संबंध नव्हता.) आणि त्याच उन्हाळ्यात, त्याच घरात, माझ्या बाबांनी एका माणसाला चहाच्या दुसऱ्या कपावर चाळीस हजार रुपये काढून दिले. त्या माणसाचं आडनावसुद्धा आम्हाला नंतर कळलं.

तो माणूस होता कुंपणवाला. म्हणजे फेन्सिंग कॉन्ट्रॅक्टर.

तुम्ही म्हणाल, कुंपण हा काय आपल्या वयाचा विषय आहे? पण जरा आठवा, तुमच्या ऑफिसच्या ग्रुपमध्ये मुळशी, भोर, सासवड, पानशेत असल्या ठिकाणी 'छोटासा प्लॉट घेतलाय रे' म्हणणारे किती जण आहेत. प्लॉट घेतल्यावर पहिली गोष्ट काय करतो आपण? आधी सेल्फी काढतो आणि मग कुंपण घालतो. घराच्या डिझाइनवर सहा महिने डोकं लावणारी माणसं कुंपणाचं काम मात्र रस्त्यावरच्या पोलला चिकटवलेल्या बोर्डावरचा नंबर फिरवून देऊन टाकतात. जाळी ती जाळी, त्यात काय बघायचं?

आमचं घर सासवडच्या पुढे आहे. बाबा एसटीत अकाउंट्सला होते, चौतीस वर्षं. रिटायर झाल्यावर त्यांनी जुन्या दहा गुंठ्यांच्या एन.ए. प्लॉटवर दोन खोल्या आणि एक ओटा बांधला, आईने अंजिराची आणि सीताफळाची रोपं लावली आणि दोघं तिकडेच राहायला गेली. मी कोथरूडला रूममेटबरोबर. दर पंधरा दिवसांनी दिवे घाट चढून जाते, कपडे धुऊन आणि डबे भरून परत येते.

रोपं लावली आणि शेळ्यांनी खाल्ली. परत लावली, परत खाल्ली. बाभळीच्या काट्यांचं कुंपण करून पाहिलं, ते उन्हाळ्यात वाळून भुगा झालं. मग २०२३ च्या मे महिन्यात बाबांनी ठरवलं की आता एकदाच काय ते पक्कं करून टाकायचं. सिमेंटचे पोल आणि तारेची जाळी.

कॉन्ट्रॅक्टर बुलेटवरून आला. प्लॉटभोवती एक चक्कर मारली, पावलांनी मोजलं आणि म्हणाला, "काका, एकशे पंचेचाळीस रुपये रनिंग फूट. मटेरियल, मजुरी, सगळं धरून. काळजीच सोडा." बाकीचे दोघे १९० आणि २१० सांगत होते. चौतीस वर्षं एसटीच्या खात्यातला पैसा न् पैसा जुळवणारा माणूस एकशे पंचेचाळीसवर विरघळला! कारण सांगू? तो माणूस बाबांना आवडला होता. त्याने आईच्या चहाचं कौतुक केलं, अंजिराला कुठलं खत घालायचं ते सांगितलं, निघताना वाकून नमस्कार केला. स्वभाव चांगला म्हणजे काम चांगलं, हे आपल्याकडे कसं कोण जाणे, गृहीतच असतं.

काम तीन दिवसांत झालं. खरं सांगायचं तर लांबून छान दिसत होतं. चकचकीत जाळी, ओळीत उभे पोल. बाबांनी मला व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवले, मी थम्ब पाठवला. माझा त्या कामातला सहभाग एवढाच. फाटक तेवढं राहिलं होतं, ते 'पुढच्या आठवड्यात' येणार होतं.

२०२३ चा पावसाळा आमच्याकडे कसा गेला ते पुरंदर तालुक्यातल्या लोकांना सांगायला नको. त्या वर्षी तालुका दुष्काळी जाहीर झाला. म्हणजे धो धो पाऊस वगैरे काही नाही, जुलैत दोन बऱ्यापैकी सरी आल्या आणि बास. तेवढ्यावर आमचे पोल झुकले. मागच्या बाजूचे नऊ पोल, पंगतीत पेंगणाऱ्या पाहुण्यांसारखे, कोणी डावीकडे, कोणी उजवीकडे. जाळी मधेच पोट सुटल्यासारखी लोंबायला लागली आणि तिच्या खालून शेळी अगदी आरामात आत यायला लागली. कॉन्ट्रॅक्टरचा फोन आधी 'व्यस्त' होता, मग 'संपर्क क्षेत्राच्या बाहेर', मग कायमचा बंद.

बाबांनी मला हे दीड महिना सांगितलं नाही. मला आईकडून कळलं, तेही ती दुसरंच काहीतरी सांगत असताना. बाबा ओट्यावर बसायचे ते खुर्ची फिरवून, मागच्या बाजूकडे पाठ करून. आई म्हणाली, "पैशाचं नाही गं एवढं. ते स्वतःला फार बोलतात." चाळीस हजार म्हणजे त्यांच्या व्याजाच्या उत्पन्नातले किती महिने, तो हिशेब मी केला आणि मग इतरांना सांगायचा नाही असं ठरवलं.

मी मास कॉमची. शिक्षकांनी दोन वर्षं एकच गोष्ट डोक्यात भरली होती, प्रश्न विचारा. ती विद्या मी सेलिब्रिटींना 'तुमचा फिटनेस फंडा काय?' हे विचारण्यात घालवत होते. म्हटलं, आता जरा कामाचे प्रश्न विचारू.

पहिला धडा शाळेतला निघाला, परिमिती! दहा गुंठे म्हणजे १०,८९० चौरस फूट. आमचा प्लॉट ९९ बाय ११०, म्हणजे चारी बाजू मिळून ४१८ फूट. पण हेच दहा गुंठे ३३ बाय ३३० अशा पट्टीसारखे असते तर कुंपण ७२६ फूट लागलं असतं. त्यामुळे 'दहा गुंठ्याला किती खर्च येतो हो?' या प्रश्नाला जो माणूस फोनवर ताबडतोब आकडा सांगतो, तो प्लॉटचा आकार न बघताच सांगतो. अशा दोघांना मी तिथेच नमस्कार केला.

दुसरा धडा गेज. आमच्या कॉन्ट्रॅक्टरने 'दहा गेजची जाळी' म्हटलं होतं. मला वाटायचं, आकडा मोठा म्हणजे तार जाड. उलटं असतं! तारेचा गेज वाढला की तार बारीक होते. आठ गेज सुमारे ४.०६ मिलिमीटर, दहा गेज ३.२५, बारा गेज २.६४, चौदा गेज जेमतेम २. दहा आणि बारामधला फरक डोळ्यांना कळत नाही. पण लोखंड किती लागतं बघितलं तर दहा गेजला बारापेक्षा दीडपट! म्हणजे एका गेजच्या थापेत कॉन्ट्रॅक्टरचा तृतीयांश लोखंडाचा पैसा वाचतो. माझा एक मित्र भोसरीला एका कंपनीत क्वालिटीला आहे. तो एका रविवारी व्हर्निअर कॅलिपर घेऊन आला, जेवणाआधी जाळीला लावला आणि म्हणाला, "बारा गेज." बाबा तेव्हा पाणी आणायला आत गेले ते बराच वेळ आलेच नाहीत.

पोल उपटून बघितले तर वेगळीच कथा. सहा फुटी पोल, जमिनीत जेमतेम फूटभर, भोवती काँक्रीटच्या नावाखाली थोडा चुरा. आमच्या मागच्या बाजूला काळी माती आहे. काळ्या मातीचा स्वभाव असा, की पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसून भेगा पडतात. वरच्या मातीतच रोवलेला पोल तिच्याबरोबर हलणारच. खाली मुरूम लागेपर्यंत खड्डा न्यायला हवा. आणि कोपरे! जाळी ताणली की सगळा ओढा कोपऱ्यातल्या पोलवर येतो. त्याला दोन्ही दिशांनी तिरके टेकू द्यावे लागतात, लांब सरळ ओळीतही मधे मधे द्यावे लागतात. आमच्याकडे चार कोपरे आणि टेकू शून्य. ४१८ फुटांत पोल बेचाळीस, म्हणजे दहा फुटांवर एक. त्यावर 'दहा फूट चालतं की' म्हणणारे भेटतात. जाळी हलकी, जमीन कडक आणि टेकू दणकट असतील तर चालतही असेल. आमच्याकडे तिन्ही नव्हतं.

आता नवीन माणूस शोधायचा. मी चौघांना बोलावलं. त्यातल्या दोघांनी माझ्याकडे बघून विचारलं, "साहेब कुठे आहेत?" मी म्हटलं, "साहेब आत आहेत, बोलणं माझ्याशी आहे." एकाने तरीही सगळी उत्तरं आतल्या दाराकडे बघत दिली. मी विचारलं, गेज काय? तो दाराला म्हणाला, "चांगला असतो."

दुसऱ्याचं कोटेशन एका ओळीचं होतं. 'फेन्सिंग काम पूर्ण, ८०,०००'. पूर्ण म्हणजे काय? पोल किती फुटी, किती अंतरावर, खड्डा किती, जाळीचं भोक दोन इंची की तीन, तार किती गेज, ताण द्यायला आडव्या तारा किती, फाटक त्यात आहे की नाही? काहीच नाही. बिल मागितलं तर म्हणाला, "बिल पाहिजे? मग अठरा टक्के जीएसटी वाढंल." हे वाक्य तुम्ही घरातल्या कुठल्याही कामाला ऐकलं असेल आणि आपण सगळेच तिथे 'राहू द्या मग' म्हणतो. मीही याआधी म्हटलंय, खोटं कशाला बोलू? पण पहिल्या वेळी आमच्याकडे ना बिल होतं, ना करार, ना पैसे दिल्याची पावती. सगळी रोकड. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फीसुद्धा लागत नाही, हे मला माहीत होतं. पण आयोगापुढे पुरावा म्हणून काय ठेवणार? चहाचे दोन कप?

तिसरा बरा होता. त्याने जाळीचा तुकडा आणला होता, चकचकीत. मी विचारलं, जस्ताचा थर किती? तो म्हणाला, "बघा की कशी चमकते." आता चमक आणि जस्ताची जाडी यांचा फारसा संबंध नाही, हे तोपर्यंत मला भवानी पेठेतल्या लोखंडाच्या दुकानांत तीन चकरा मारून कळलं होतं. पातळ मुलाम्याची तार दुकानात जास्तच चमकते आणि दोन पावसाळ्यांत तांबडी होते. आणि हो, पीव्हीसीचं हिरवं कोटिंग असलेली जाळी दिसते सुंदर, पण त्या हिरव्याच्या आत तार किती जाडीची, ते कापल्याशिवाय कळत नाही. दुकानदाराला आतल्या तारेची जाडी विचारा आणि ती बिलावर लिहून मागा. जाळीसाठी आयएस २७२१ असं भारतीय मानक आहे. तो आकडा उच्चारला की समोरचा जरा सरसावून बसतो, एवढा फायदा नक्की.

चौथा माणूस आला तो मोपेडवर, डोक्याला रुमाल बांधून. पन्नाशीचा असेल. त्याने चहा घेतला नाही, दुपारी चहा सोसत नाही म्हणाला. सगळ्या प्लॉटला फिरला, मागच्या कोपऱ्यात थांबला, पायाने माती उकरली, पलीकडच्या शेताकडे बघितलं आणि विचारलं, "ताई, मोजणी झालीय का?"

मी म्हटलं, "सात-बारा आहे ना."

"सात-बाऱ्यावर क्षेत्र असतं. हद्द कुठाय ते जमिनीवर मोजल्याशिवाय कळत न्हाई. आधी मोजणी करून घ्या, मग मला बोलवा. तोवर मी दर पण सांगत नाही." आणि निघून गेला. चार माणसांत काम नाकारणारा हा एकटाच.

इथे मला शेजारच्या तात्यांबद्दल सांगायला हवं. मागच्या बाजूला त्यांचं शेत. आई-बाबा राहायला गेले तेव्हापासून दूध त्यांच्याकडचं. तात्यांच्या घरातून कोणीतरी रोज सकाळी बांधावरून चरवी घेऊन यायचं. पहिलं कुंपण झाल्यावर दोन दिवसांनी तात्या आले आणि म्हणाले, "साहेब, तुमचा पोल माझ्या बांधात आलाय." जुना बांध वेडावाकडा होता. बुलेटवाल्याने 'लाइनदोरी लावून सरळ करून टाकतो' म्हणून ओळ मारली होती. बाबा म्हणाले, "तात्या, ओळ सरळ आहे. बांधच वाकडा होता." शब्दाला शब्द वाढला. चरवी यायची बंद झाली. आई पिशवीचं दूध आणायला लागली. बाबा फोनवर मला सांगायचे, "या लोकांना शहरातला माणूस म्हटला की दाबायलाच बघतात." माझ्या बाबांच्या तोंडी 'या लोकांना' हे शब्द मी पहिल्यांदा ऐकले. ते स्वतः शेतकऱ्याच्या घरातले.

मोजणीला बाबा तयारच नव्हते. परत पैसे, परत हेलपाटे. ऑनलाइन अर्ज मी भरला, फी भरली, भूमि अभिलेख कार्यालयाची तारीख आली, लगतच्या खातेदारांना नोटिसा गेल्या. २०२४ च्या फेब्रुवारीत भूकरमापक रोव्हर घेऊन आले. तात्या त्यांच्या बाजूला उभे, बाबा आमच्या बाजूला, मधे पडकं कुंपण. दोघंही सगळ्यांशी बोलत होते, एकमेकांशी सोडून.

खुणा झाल्या. रस्त्याच्या कोपऱ्यावर आमची ओळ बरोबर होती. तिथून मागच्या बाजूने जाता जाता ती सरकत गेली होती आणि दुसऱ्या टोकाला तीन फूट तात्यांच्या शेतात. एकशे दहा फूट लांब, शून्यापासून तीन फुटांपर्यंत रुंद होत गेलेली पाचर, एकशे पासष्ट चौरस फूट. कुंपण शेत खातं म्हणतात ते आमच्याकडे अगदी फुटात मोजून निघालं. आणि खाणारे आम्ही होतो.

बाबा काही बोलले नाहीत. संध्याकाळी चप्पल घालून निघाले. मी म्हटलं, "मी येऊ का?" तर "नको" म्हणाले. तासाभराने परत आले. तिकडे काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. प्रश्न विचारायचे असतात हे शिक्षण मी घेतलंय, पण सगळे नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर चरवी होती.

मग रुमालवाल्यांना फोन केला. नकाशाची प्रत बघितली, हद्दीच्या खुणा बघितल्या आणि मग म्हणाले, "आता बोलू." मी म्हटलं, "आधी तुमचं काम दाखवा. नवीन नको, जुनं." हा सल्ला मला भवानी पेठेतल्या दुकानदाराने दिला होता आणि सगळ्यांत कामाचा तोच ठरला. काल झालेलं कुंपण सगळ्यांचंच सुंदर दिसतं. तीन पावसाळे खाल्लेलं बघायचं. त्यांनी तीन पत्ते दिले, मी त्यांना न सांगता तिन्हीकडे गेले. एका ठिकाणी जाळी उत्तम, पण फाटकाचं बिजागर सैल झालं होतं. मालकीणबाई म्हणाल्या, "बोलावलं की येतात, पण फाटक काही त्यांना जमत नाही." मी परत येऊन हे तोंडावर सांगितलं. ते म्हणाले, "खरंय. फाटक वेल्डिंगवाल्याकडनं करून घ्या, मी बसवून देतो." जे जमत नाही ते 'नाही जमत' असं म्हणणारा माणूस बघून मला इतकं बरं वाटलं, की दरात घासाघीस करायची विसरले!

दर होता २२५ रुपये रनिंग फूट. फाटकांची जागा सोडून ४०३ फूट, म्हणजे ९०,६७५. पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त. बाबांचा चेहरा उतरला. मी म्हटलं, निम्मे माझे. यावर घरात जे झालं ते इथे लिहीत नाही. शेवटी तिसरा हिस्सा माझा, यावर तडजोड झाली आणि तोही 'उसना' म्हणून बाबांच्या वहीत लिहिला गेला.

करार केला. दोन पानं, माझ्याच अक्षरात. पोल सात फुटी, दोन फूट जमिनीत, आठ फुटांवर एक. खड्डा मुरमापर्यंत. कोपऱ्यांना दोन-दोन टेकू. तार दहा गेज, भोक तीन इंची, उंची पाच फूट. वर, मधे आणि खाली अशा तीन ताणतारा. पैसे चार टप्प्यांत. मटेरियल जागेवर येऊन तपासल्यावर तीस टक्के, पोल उभे राहून आठवडा झाला की चाळीस, जाळी झाली की वीस, आणि शेवटचे दहा टक्के पहिल्या मोठ्या पावसानंतर. प्रत्येक वेळी बँकेतून, पावतीसह. मला वाटलं, शेवटच्या दहा टक्क्यांवर ते चिडतील. ते हसले. म्हणाले, "पाऊस पडल्यावर माझा फोन तुम्ही उचला म्हणजे झालं."

जाळीची बंडलं आली तेव्हा आमची टीम सज्ज होती. कॅलिपर होताच, शिवाय वजन. पाच फूट उंचीचं पन्नास फुटी बंडल, तीन इंची भोक, दहा गेज असेल तर चाळीस किलोच्या आसपास भरायला हवं. बारा गेज असेल तर सत्तावीस. एवढा फरक काटा लपवू शकत नाही. तात्यांकडे कांदा-बटाट्याचा काटा होता, तो मागवला. तात्या स्वतःच घेऊन आले, बाबांनी आणि त्यांनी मिळून बंडल चढवलं. एकेचाळीस किलो आणि वर काही ग्रॅम. बाबांनी आकडा मोठ्याने वाचला, परत एकदा वाचला आणि वहीत लिहिला. आठ-नऊ महिन्यांत त्यांचा आवाज एवढा खणखणीत ऐकला नव्हता.

काम चाललं सोळा दिवस, त्यातला एक अख्खा आठवडा नुसती वाट बघण्याचा. पोलभोवतीच्या काँक्रीटला रोज पाणी मारायचं आणि जाळीला हात लावायचा नाही. बुलेटवाल्याने पोल रोवले त्याच संध्याकाळी जाळी ताणली होती, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. ओलं काँक्रीट ताण कसा सोसणार? पाणी मारायचं काम बाबांनी घेतलं. सकाळ-संध्याकाळ पाइप घेऊन त्रेपन्न पोल. आईची टोमणेवजा तक्रार, की अंजिराला एवढं पाणी कधी घातलं नाही यांनी. दुष्काळी साल होतं, टँकरचं पाणी होतं, त्यामुळे तक्रारीत दम होता. जुने सहा फुटी पोल तात्या घेऊन गेले, दोडक्याच्या मांडवाला.

एक गोष्ट मात्र करारात नव्हती. मागच्या बाजूची ओळ आखताना रुमालवाले थांबले आणि बाबांना म्हणाले, "इथनं रोज दूध येतं न्हवं? मग जाळी मारली तर बाई कुठनं येणार? रस्त्यानं वळसा घालून अर्धा किलोमीटर." आमच्यापैकी कोणाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं. कुंपण कुठून घालायचं यावर आम्ही वर्षभर भांडलो, पण त्यातून माणसं कुठून येणार याचा विचार कोणी केला नव्हता. तिथे तीन फुटांचं एक छोटं फाटक ठेवायचं ठरलं. तात्या म्हणाले, कडी दोन्ही बाजूंनी उघडायला पाहिजे. बाबा म्हणाले, पाहिजेच.

२०२४ चा पाऊस चांगला झाला. जुलैत एका रात्री एवढा कोसळला, की मी कोथरूडला झोपू शकले नाही. सकाळी सहाला बाबांना फोन केला. बाबा आधीच बाहेर होते, छत्री आणि ओळंबा घेऊन. एकेका पोलला ओळंबा लावून बघत होते. "त्रेपन्नपैकी त्रेपन्न," म्हणाले आणि मग जरा थांबून, "सव्वीस नंबर किंचित. पण तो पहिल्यापासूनच किंचित." त्याच दिवशी दहा टक्के बँकेतून गेले. रुमालवाल्यांनी फोन उचलला, पण पैशाचं काही बोलले नाहीत. छोट्या फाटकाला पावसात गंज धरत नाही ना, एवढंच विचारलं.

परवा घरी गेले होते तेव्हा बाबांची ती वही सहज हाती लागली. पहिल्या पानावर बुलेटवाल्याचे चाळीस हजार, त्यापुढे कंसात काहीच नाही. मग मोजणीची फी, पोल, जाळी, मजुरी, काट्यावरची वजनं, माझी 'उसनवारी' हप्त्यांसकट. आणि सगळ्यांत शेवटी, बाबांच्या त्या एसटी छाप टपोऱ्या अक्षरात: 'छोट्या फाटकाची कडी, १२० रु. पैकी तात्या ६०.'